सिस्टमडी-रिमाउंट-एफएस: रूटचे माउंट ऑप्शन लावणारी सेवा किती भरवशाची?

रूट फाइलसिस्टिम (सगळ्या डिरेक्टरींचं मूळ) कोणत्या ऑप्शननी माउंट करायची, म्हणजे वापरासाठी जोडायची, हे ईटीसी डिरेक्टरीतल्या एफएसटॅब फाइलीत लिहिलेलं असतं आणि ती फाइल असते रूटवरच. कपाटाची किल्ली कपाटात राहिल्यासारखं हे. लिनक्सवर यातून वाट काढली जाते ती दोन टप्प्यांत. कर्नल किंवा इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चालणारी छोटी तात्पुरती सिस्टिम) आधी रूट जमेल तसं, बहुतेक वेळा रीड-ओन्ली, माउंट करतं. मग एफएसटॅब वाचून तेच माउंट नव्या ऑप्शननी पुन्हा लावलं जातं. हा दुसरा टप्पा सिस्टमडीच्या (बूटनंतर सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मशीनवर सिस्टमडी-रिमाउंट-एफएस नावाची छोटी सेवा पार पाडते. सिस्टमडीला पर्याय असलेल्या ओपनआरसीवर हेच काम ‘रूट’ नावाची सेवा करते.

आधी निकाल: रोजच्या ऑप्शनसाठी पाचपैकी चार. नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणं), कमिट, एरर्स, बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमचं कॉम्प्रेस यांसाठी दुसरीकडे कुठे हात घालायची गरज नाही. पण ही सेवा ‘सगळं किंवा काहीच नाही’ या तत्त्वावर चालते. चालू माउंटवर बदलता न येणारा एकच ऑप्शन ओळीत शिरला, तर बाकीचे बिनचूक ऑप्शनही लागत नाहीत आणि रूट रीड-ओन्लीच राहतं. तो एक गुण कापला आहे तो यासाठी. (या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.)

सेवेचं काम अगदी मोजकं आहे. ती एफएसटॅबमधून फक्त रूट, वेगळं असल्यास यूएसआर, आणि प्रॉक, सिस, डेव्ह यांसारख्या कर्नलच्या आभासी फाइलसिस्टिम उचलते. प्रत्येकीसाठी ‘माउंट / -ओ रिमाउंट’ अशी साधी आज्ञा चालवते आणि बाजूला होते. होम किंवा डेटाच्या पार्टिशनशी तिचा संबंध नाही. एफएसटॅबमध्ये रूटची ओळच नसेल तर ती काहीही करत नाही आणि तक्रारही करत नाही. रूटची एफएससीके (फाइलसिस्टिममधल्या चुका शोधून दुरुस्त करणारी) तपासणी आधी होते, रिमाउंट नंतर. हा क्रम योग्यच आहे, कारण लिहायला मोकळ्या झालेल्या फाइलसिस्टिमची दुरुस्ती करणं धोक्याचं असतं.

सेवा जी आज्ञा चालवते ती आपल्यालाही चालवता येते, आणि याच्याइतकी चांगली रंगीत तालीम दुसरी नाही. एफएसटॅब बदलल्यावर रीबूट करण्याआधी रूट यूजर म्हणून ‘माउंट -ओ रिमाउंट /’ द्या. पुढच्या बूटला जे घडणार तेच आत्ता घडेल. फरक एवढाच की चूक असली तर चालू सिस्टिम जुन्या ऑप्शनवर तशीच राहते, बिघडत काही नाही. त्याआधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवली तर ओळीतली रचना, यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) आणि फाइलसिस्टिमचा प्रकार तपासून होतो. मात्र ऑप्शन रिमाउंटमध्ये चालेल की नाही हे त्या तपासणीला कळत नाही. दोन्ही करा. एफएसटॅब बदलल्याचं सिस्टमडीला कळावं म्हणून ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ही द्यावं लागतं, विसरलात तर माउंट स्वतःच आठवण करून देतं.

आता या सेवेचं खरं दुखणं. ईएक्सटी४ या फाइलसिस्टिममध्ये जर्नलची (बदलांच्या नोंदवहीची) पद्धत ठरवणारा ‘डेटा=’ हा ऑप्शन फक्त पहिल्या माउंटच्या वेळी ठरतो. एफएसटॅबमध्ये रूटच्या ओळीत ‘डेटा=राइटबॅक’ किंवा ‘डेटा=जर्नल’ लिहिलं आणि पहिलं माउंट नेहमीच्या ‘ऑर्डर्ड’ पद्धतीने झालं असेल, तर कर्नल ‘रिमाउंटमध्ये डेटा मोड बदलता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश टाकून अख्खी मागणी फेटाळतं. त्या मागणीतच रीड-राइट होण्याची विनंतीही होती, म्हणून तीही गेली. बूट मात्र थांबत नाही. या सेवेवर पुढचे टप्पे अडून बसत नसल्याने सिस्टिम रीड-ओन्ली रूटवर तशीच पुढे जाते. मग लॉग लिहिता येत नाही, लॉगिन स्क्रीन येत नाही, एकेक सेवा लाल होत जाते. पडद्यावर दिसणाऱ्या वीस तक्रारींत खरी तक्रार एकच असते, आणि ती सगळ्यांत वर, कधीच सरकून गेलेली. ‘जर्नलसीटीएल -बी -यू सिस्टमडी-रिमाउंट-एफएस’ दिल्यावर ती सापडते. कर्नलने दिलेलं नेमकं कारण हवं असेल तर ‘डीमेसेज’ ही कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा पाहावी.

दुरुस्तीला बसल्यावर बहुतेक जण ‘माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /’ देतात आणि तीच चूक पुन्हा समोर येते. आज्ञेत फक्त डिरेक्टरी दिली की माउंट एफएसटॅब उघडून तिथले ऑप्शन तुमच्या ऑप्शनमध्ये मिसळतं. नडणारा ऑप्शन मागच्या दाराने परत आत येतो. डिव्हाइस आणि डिरेक्टरी दोन्ही दिली तर एफएसटॅबकडे पाहिलं जात नाही. म्हणून ‘माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /डेव्ह/एसडीए२ /’ असं पूर्ण लिहायचं. डिव्हाइसचं नाव ‘फाइंडएमएनटी -एनव्हीओ सोर्स /’ ने मिळतं. त्यातलं ‘व्ही’ बीटीआरएफएससाठी लागतं, नाहीतर नावाला सबव्हॉल्यूमचा (फाइलसिस्टिमच्या आतल्या स्वतंत्र भागाचा) चौकटी कंस चिकटून येतो आणि तसं नाव माउंट घेत नाही. रूट लिहिण्याजोगं झालं की एफएसटॅबमधून तो ऑप्शन काढा, मघाची तालीम करा, मगच रीबूट.

ज्या मशीनच्या कर्नल ओळीवर (बूटच्या वेळी कर्नलला दिल्या जाणाऱ्या पॅरामीटरांच्या ओळीवर) ‘आरओ’ म्हणजे रीड-ओन्लीऐवजी ‘आरडब्ल्यू’ म्हणजे रीड-राइट असतं, तिथे हीच चूक लपून राहते. पहिलं माउंटच रीड-राइट असल्याने रिमाउंट फसलं तरी सिस्टिम सुरळीत चालते. फक्त एक लाल ओळ दिसते आणि एफएसटॅबमधला एकही ऑप्शन प्रत्यक्षात लागलेला नसतो. असं मशीन महिनोन्महिने चालतं आणि एखाद्या दिवशी कुणी ‘आरडब्ल्यू’ बदलून ‘आरओ’ केलं की गोंधळ उडतो. दोष मात्र त्या निरपराध बदलावर जातो.

‘आरओ’ की ‘आरडब्ल्यू’ हा प्रश्न एफएससीकेशीही जोडलेला आहे. सिस्टमडीची रूट तपासणारी सेवा रूट आधीच लिहिण्याजोगं असेल तर चालतच नाही. इनिटरॅमएफएसमध्ये एफएससीके होत असेल, जसं एमकेइनिटसीपीआयओ या इनिटरॅमएफएस बनवणाऱ्या साधनाच्या एफएससीके हूकमुळे होतं, तर ‘आरडब्ल्यू’ चालेल. नसेल तर ‘आरओ’च ठेवा. दोन्ही शब्द ओळीत असतील तर नंतरचा ग्राह्य. एकही नसेल तर कर्नल रूट रीड-ओन्ली धरतं.

एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर चित्र उलटं, आणि एका अर्थी जास्त फसवं. एक्सएफएसमध्ये रिमाउंटच्या वेळी बदलता न येणारे ऑप्शन आले तर कर्नल ते मुकाट्याने सोडून देतं आणि ‘झालं’ म्हणून सांगतं. माउंटची आज्ञा एफएसटॅबमधले सगळेच ऑप्शन पुढे सरकवते, त्यामुळे सरसकट नाकारणं सोयीचं नव्हतं, असं कारण कर्नलच्या कोडमधल्या टिपणीतच दिलेलं आहे. परिणाम असा की सेवा हिरवी दिसते आणि कोटा (जागेच्या वापरावरची मर्यादा) मात्र बंद. रूटवर यूजर किंवा प्रोजेक्ट कोटा हवा असेल तर एफएसटॅबमध्ये ‘यूकोटा’ किंवा ‘पीकोटा’ लिहून काहीही होत नाही; तो कर्नलच्या ओळीवर ‘रूटफ्लॅग्ज=यूकोटा,पीकोटा’ असाच द्यावा लागतो. लागला की नाही हे ‘फाइंडएमएनटी -एनओ ऑप्शन्स /’ मध्ये पाहा. तिथे ‘नोकोटा’ दिसत असेल तर एफएसटॅबमध्ये काय लिहिलंय याला अर्थ नाही. ईएक्सटी४ निदान आरडाओरडा तरी करतं. दोघांत निवडायचं तर ईएक्सटी४चा आडमुठेपणा परवडला.

रूटफ्लॅग्ज, म्हणजे रूटच्या पहिल्या माउंटचे ऑप्शन देणारा कर्नल ओळीवरचा पॅरामीटर, हा या सेवेचा प्रतिस्पर्धी म्हणावा की जोडीदार, हे ऑप्शनवर ठरतं. पहिल्याच माउंटला जे लागलं पाहिजे ते सगळं इथे: ईएक्सटी४चं ‘डेटा=’, एक्सएफएसचा कोटा आणि लॉग बफरचे आकार, बीटीआरएफएसचं ‘सबव्हॉल=’. बूटलोडर ग्रब असेल तर ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब फाइलीतल्या ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत लिहायचं. मग डेबियन घराण्यात ‘अपडेट-ग्रब’, इतरत्र ग्रब-एमकेकॉन्फिग. फेडोरासारख्या ठिकाणी ‘ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --आर्ग्ज=’ सोयीचं पडतं. ऑप्शनमध्ये स्वल्पविराम असावा, मोकळी जागा नको; जागा सुटली की पुढचा शब्द कर्नल वेगळा पॅरामीटर समजतं आणि तो ऑप्शन हवेत विरतो. हा बदल केल्यावर इनिटरॅमएफएस नव्याने बनवायची गरज नसते.

नवा रूटफ्लॅग्ज कायमचा लिहिण्याआधी एकदाच वापरून पाहावा. ग्रबच्या मेन्यूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो जोडा आणि कंट्रोल-एक्सने बूट करा. बूट झालं नाही तर पुढच्या वेळी ओळ आपोआप जुनीच असते.

रूटफ्लॅग्जमध्ये लोक सर्वाधिक ठेचकाळतात ते नोएटाइमवर. इनिटरॅमएफएस असेल तर रूटफ्लॅग्ज माउंट आज्ञेच्या ‘-ओ’मधून जातात आणि ती आज्ञा नोएटाइम ओळखून त्याचा योग्य ध्वज लावते. इनिटरॅमएफएस नसेल, म्हणजे कर्नल थेट रूट माउंट करत असेल, तर ही ओळ जशीच्या तशी फाइलसिस्टिमच्या ड्रायव्हरकडे जाते. नोएटाइम हा ऑप्शन ड्रायव्हरच्या वरच्या, म्हणजे सगळ्या फाइलसिस्टिमना समान असलेल्या व्हीएफएस या थराचा. ईएक्सटी४ला तो ओळखीचाच नाही. ‘अनोळखी माउंट ऑप्शन’ म्हणून माउंट फसतं आणि कर्नल पॅनिक होतं. पॅनिकचा संदेश दिशाभूल करणारा असतो. ‘रूटएफएसटाइप’ (रूटच्या फाइलसिस्टिमचा प्रकार) दिलेला नसेल तर कर्नल एकामागून एक फाइलसिस्टिम वापरून पाहतं आणि शेवटी ‘कोणत्याही फाइलसिस्टिमला रूट माउंट करता आलं नाही’ अशी यादी छापतं. वाचणाऱ्याला वाटतं ड्रायव्हर कर्नलमध्ये बांधायचा राहिला. खरं कारण त्या यादीच्या काही ओळी वर असतं. छोट्या बोर्डांवर किंवा स्वतः बांधलेल्या कर्नलवर असा पॅनिक दिसला तर ड्रायव्हर शोधण्याआधी रूटफ्लॅग्ज पाहा. नोएटाइमसाठी एफएसटॅब आणि रिमाउंट हाच सरळ मार्ग. पहिल्या काही सेकंदांत रूट रीड-ओन्लीच असतं, तेव्हा वाचनाची वेळ नोंदवली जातच नाही. शिवाय २००९ मधल्या २.६.३० पासून रेलएटाइम (वाचनाची वेळ मोजक्याच वेळी नोंदवणं) हेच मूळ वर्तन आहे, त्यामुळे नोएटाइमने होणारा फायदा पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही.

दुसरा सापळा जुन्या ऑप्शनचा. एक्सएफएसमधून ‘बॅरियर’ आणि ‘नोबॅरियर’ हे दोन्ही ऑप्शन ४.१९ कर्नलपासून काढून टाकले आहेत. जुन्या मशीनच्या कर्नल ओळीवर ‘रूटफ्लॅग्ज=नोबॅरियर’ पडून असेल तर कर्नल अपग्रेडनंतर रूट माउंटच होत नाही. अपग्रेडच्या आधी ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ करून ओळीवर काय काय साचलंय ते पाहून घ्यावं. बऱ्याचदा त्यातलं अर्धं कुणाला का लिहिलं तेही आठवत नाही.

बीटीआरएफएसवर आणखी एक गुंता आहे. रूट सबव्हॉल्यूमवर असेल तर ग्रबची स्क्रिप्ट स्वतःहून ‘रूटफ्लॅग्ज=सबव्हॉल=...’ जोडते, आणि तुम्ही लिहिलेला रूटफ्लॅग्ज त्याच्या नंतर येतो. आता ओळीवर रूटफ्लॅग्ज दोनदा. सिस्टमडीवर चालणारं इनिटरॅमएफएस दोन्ही स्वल्पविरामाने जोडून घेतं, तिथे काही बिघडत नाही. डेबियनचं इनिटरॅमएफएस-टूल्स मात्र शेवटचाच धरतं. म्हणजे सबव्हॉल्यूमची सूचना पुसली जाते, फाइलसिस्टिमचा ठरीव सबव्हॉल्यूम माउंट होतो, तो बहुतेक वेळा सगळ्यांत वरचा असतो, आणि तिथे इनिट (कर्नल सुरू करतं तो पहिला प्रोग्रॅम) सापडत नाही. उपाय सोपा: स्वतःचा रूटफ्लॅग्ज लिहायचाच असेल तर त्यात सबव्हॉलही लिहा, उदाहरणार्थ ‘रूटफ्लॅग्ज=सबव्हॉल=@,नोएटाइम’. एफएसटॅबमध्ये ‘सबव्हॉल=’ बदलून मात्र काही साधत नाही; रिमाउंट एका सबव्हॉल्यूमवरून दुसऱ्यावर उडी मारू शकत नाही.

कॉम्प्रेसबद्दल मात्र बिनधास्त राहावं. बीटीआरएफएसमध्ये तो रिमाउंटने लागतो आणि त्याआधी रूट रीड-ओन्ली असल्याने काही लिहिलं गेलेलंच नसतं. फेडोराची ३४वी आवृत्ती ‘कॉम्प्रेस=झेडएसटीडी:१’ एफएसटॅबमध्येच लिहिते, रूटफ्लॅग्जमध्ये नाही. बीटीआरएफएसचे बहुतेक ऑप्शन अख्ख्या फाइलसिस्टिमला लागू होतात, सबव्हॉल्यूमगणिक वेगळे नसतात. म्हणून रूटला एक आणि होमला दुसरं कॉम्प्रेस लिहून दोन वेगळ्या पद्धती मिळत नाहीत.

‘रूटफ्लॅग्ज=डिग्रेडेड’ अडचणीच्या वेळेसाठी चांगला: रेड१ मधली (दोन डिस्कवर एकच डेटा ठेवण्याच्या रचनेतली) एक डिस्क गेली तरी रूट माउंट व्हावं म्हणून. पण सिस्टमडीचा यूडेव्ह (डिव्हाइस हजर झाल्याची दखल घेणारा भाग) नियम बीटीआरएफएसच्या सगळ्या डिस्क हजर होईपर्यंत डिव्हाइस तयार नाही असंच समजतो, त्यामुळे माउंटपर्यंत गाडी पोचतच नाही आणि बूट वाट पाहत थांबतं. अशा वेळी इनिटरॅमएफएसच्या शेलमधून हाताने माउंट करण्याची तयारी ठेवावी. हा ऑप्शन ओळीवर कायमचा मात्र ठेवू नका.

तिसरी वाट फारशी कुणी वापरत नाही, पण ईएक्सटी४साठी ती उत्तम आहे: ऑप्शन सुपरब्लॉकमध्येच (फाइलसिस्टिमची स्वतःची माहिती ठेवणाऱ्या भागात) लिहून ठेवायचे. ‘ट्यून२एफएस -ओ जर्नल_डेटा_राइटबॅक /डेव्ह/एसडीए२’ दिलं की ही फाइलसिस्टिम कुठेही, कुणीही माउंट केली तरी तीच पद्धत लागते. ग्रबला हात नाही, एफएसटॅबला हात नाही, रिमाउंटची कटकट नाही. ठरावीक यादीबाहेरचे ऑप्शन ‘-ई माउंट_ऑप्ट्स=’ ने लिहिता येतात; त्याची मर्यादा ६३ बाइट आणि त्यासाठी २.६.३५ किंवा पुढचं कर्नल. नोएटाइम इथेही बसत नाही, कारण तो फाइलसिस्टिमचा ऑप्शन नाही. लिहिलेलं ‘ट्यून२एफएस -एल’ मध्ये दिसतं. एरर्सचंही तसंच. एफएसटॅबमधला ‘एरर्स=रिमाउंट-आरओ’ रिमाउंटनंतरच लागू होतो, तर ‘ट्यून२एफएस -ई रिमाउंट-आरओ’ पहिल्या क्षणापासून. हे दुसरं ‘ई’ लहान लिपीतलं, वरचं मोठ्या लिपीतलं. इथे गफलत होते. या वाटेचा तोटा म्हणजे ती दिसत नाही. वर्षभराने दुसरा माणूस एफएसटॅब आणि ग्रब दोन्ही उलथून पाहील आणि राइटबॅक कुठून येतंय ते त्याला कळणार नाही. एफएसटॅबमध्ये एक टिपणी टाकून ठेवा.

काय लागलं आहे हे पाहताना ईएक्सटी४वर ‘प्रॉक/माउंट्स’वर विसंबू नका. मूळ वर्तनाशी जुळणारे ऑप्शन तिथे छापले जात नाहीत. ‘/प्रॉक/एफएस/ईएक्सटी४/एसडीए२/ऑप्शन्स’ या फाइलीत मात्र सगळे दिसतात. आणि रूटफ्लॅग्जमध्ये दिलेला ‘कमिट=६०’ एफएसटॅबमध्ये नसला तरी रिमाउंटनंतर टिकतो; एफएसटॅबमध्ये वेगळा आकडा असेल तर तो जिंकतो. ‘६० लिहिलंय मग ५ का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा तिथेच सापडतं.

सुरक्षेसाठी रूटवर ‘नोएसयूआयडी’ लावू नका, रूट यूजरचे अधिकार मिळवून देणारं सुडोच बंद पडतं. ‘नोएक्झेक’चा तर विचारही नको. ‘नोडेव्ह’ चालतो, कारण डेव्ह डिरेक्टरी वेगळ्या डेव्हटीएमपीएफएसवर असते. ‘डिस्कार्ड’ (मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवणं) रिमाउंटने लागतो, पण आठवड्यातून एकदा चालणारा एफएसट्रिम टायमर बहुतेकांना पुरतो. डिस्क लक्स या एन्क्रिप्शनने कुलूपबंद असेल तर माउंटचा ‘डिस्कार्ड’ एकटा काहीच करत नाही. लक्सच्या थरालाही तशी परवानगी द्यावी लागते.

शेवटी, ग्रबऐवजी सिस्टमडी-बूट हा बूटलोडर असेल तर रूटफ्लॅग्ज लोडर/एंट्रीज डिरेक्टरीतल्या फाइलीच्या ‘ऑप्शन्स’ ओळीत जातो. एकसंध कर्नल इमेज, म्हणजे यूकेआय, वापरत असाल तर कर्नलची ओळ इमेजच्या आतच भरलेली असते. ईटीसी/कर्नल/सीएमडीलाइन बदलून इमेज पुन्हा बांधावी लागते. सिक्युअर बूट चालू असेल तर बूटच्या वेळी हाताने बदललेली ओळ सरळ दुर्लक्षित होते, म्हणजे वर सांगितलेली ‘एकदाच वापरून पाहा’ ही सोय तिथे नाही. अशा मशीनवर चुकीचा रूटफ्लॅग्ज भरलेली इमेज बसवण्याआधी जुनी इमेज बूट मेन्यूत शाबूत ठेवा आणि ती सुरू होते याची एकदा खात्री करून घ्या.